घाटातील चढणीच्या मार्गिकेसाठी पॉलिमर-सुधारित डांबराची निवड : प्रकल्प नोंदी, इंदूर

३ मार्च २०२५

निमाडातून माळव्याच्या पठारावर चढणाऱ्या घाटात, इंदूरकडे येणाऱ्या बाजूच्या डाव्या मार्गिकेचा वरचा थर बदलायचा आहे. त्यासाठी कोणते डांबर घ्यावे हे ठरवून देण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेकडे आले असून त्याच्या नोंदी आजपासून या वहीत ठेवत आहे. मार्गिकेवर चाकांच्या रेषेत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. तीन मीटरची सरळ पट्टी आडवी टाकून मोजले असता तीव्र चढणीच्या भागात त्यांची खोली १८ ते २६ मिलिमीटर भरली, आणि चाकोरीच्या दोन्ही कडांना डांबरी थर फुगून वर आलेला स्पष्ट दिसतो. पलीकडच्या उतरत्या बाजूला त्याच वर्षी, त्याच मिश्रणाचा थर घातला होता. तिथे ही खोली ६ मिलिमीटरच्या वर कुठेही गेलेली नाही.

कडा फुगल्या आहेत हे महत्त्वाचे, कारण खालचा भराव दबून रस्ता खचला असता तर चाकोरी रुंद आणि उथळ पडली असती व कडा जागच्या जागी राहिल्या असत्या. रस्त्यातून कापून काढलेले दंडगोल तुकडे, म्हणजे कोअरही, तेच सांगतात : खालचा डीबीएमचा (जाड गिट्टीचा डांबरी) थर जाडीने शाबूत आहे, पातळ झाला आहे तो फक्त वरचा बीसीचा (बिटुमिनस काँक्रीटचा) थर. दोष पायात नाही. उन्हाळ्यात मऊ होऊन बाजूला सरकणाऱ्या वरच्या थरात आहे. भरलेला ट्रक सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने जातो आणि या चढणीवर ताशी १२ ने रांगतो, तेव्हा प्रत्येक चाकाचा भार त्याच जागेवर पाचपट वेळ राहतो. आणि भार जितका जास्त वेळ राहील तितके डांबर जास्त वाहते. आधीच्या कामात व्हीजी-३० हे पॉलिमर नसलेले साधे डांबर वापरले होते. ते निकृष्ट होते असे म्हणायला कागदोपत्री काहीही आधार नाही. या जागेला ते पुरे पडणारे नव्हते, एवढेच म्हणता येईल.

६ मार्च २०२५

रस्त्याच्या तापमानाचा हिशोब केला. अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात चाललेल्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून डांबर निवडण्याची सुपरपेव्ह पद्धत पुढे आली. तिच्यात डांबराची श्रेणी म्हणजे ते किती तापमानापर्यंत टिकते तो आकडा. तिच्यातील सूत्राने हवेचे कमाल तापमान आणि अक्षांश यांवरून थराच्या २० मिलिमीटर खोलीवरचे तापमान काढता येते. हवेचे तापमान म्हणून उन्हाळ्यातील सर्वांत तप्त सात सलग दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी घ्यायची असते. पठारावर ४२ अंश सेल्सिअस धरले तर थराचे तापमान ६४.५ अंश येते, आणि घाटाच्या पायथ्याशी, जिथे निमाडची हवा लागते, तिथे ४५ धरले तर ६७.४ अंश येते. दोन्ही आकडे ७० च्या आत आहेत, म्हणून हवामानापुरता विचार केला तर ७० ची श्रेणी पुरते.

मात्र वाहतूक संथ असेल तर श्रेणी वर न्यावी, असा या पद्धतीचा नियम आहे. ताशी २० ते ७० किलोमीटर वेगाला एक पायरी (६ अंश), आणि ताशी २० पेक्षा कमी वेगाला दोन पायऱ्या. त्या हिशोबाने आपल्याला ८२ ची श्रेणी घ्यावी लागेल, आणि प्रकल्प व्यवस्थापक साहेबांचेही तेच मत आहे. मला ते पटत नाही, आणि त्याची कारणे चाचण्या झाल्यावर नोंदवीन. रस्ता ८२ अंशांपर्यंत कधीच तापणार नाही. तेव्हा ८२ अंशांवर डांबर कसे वागते हे पाहून ७० अंशांवरच्या वागणुकीविषयी अंदाज बांधणे हा आडवळणाचा रस्ता आहे.

आयएस १५४६२ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत पीएमबी, म्हणजे पॉलिमर-सुधारित डांबराच्या, ६४-१०, ७०-१०, ७६-१०, ८२-१० आणि ७६-२२ अशा श्रेणी आहेत. पहिला आकडा उष्ण बाजूचा, दुसरा शून्याखालचा. आपल्याकडची थंडी पाहता उणे १० पुष्कळ झाले.

१० मार्च २०२५

नमुने आले. तीन पुरवठादारांकडून पीएमबी ७६-१० मागवले होते आणि तुलनेसाठी व्हीजी-४० हे साधे पण जास्त घट्ट डांबर घेतले. पुरवठादारांची नावे वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवली असून डब्यांवर फक्त अ, ब, क आणि (व्हीजी-४० साठी) व अशी अक्षरे आहेत. अ आणि क मध्ये एसबीएस, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन हा पॉलिमर आहे. ब मध्ये डांबराशी रासायनिक विक्रिया करून बांधला जाणारा टरपॉलिमर आहे; तो प्रमाणाने कमी लागतो.

प्रयोगशाळेतील वरिष्ठ तंत्रज्ञांना इथे सगळेच काका म्हणतात. डबे उघडण्यापूर्वी त्यांनी नव्या मुलांना बजावले की पीएमबीचा डबा वरून वितळवून वरचेच डांबर ओतून घ्यायचे नाही; पूर्ण डबा ओव्हनमध्ये गरम करून, तळापर्यंत हलवून, मगच साचे भरायचे. या एका गोष्टीत हयगय झाली तर पुढच्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

१२ मार्च २०२५

प्राथमिक चाचण्या. रिंग अँड बॉल पद्धतीने मृदुता बिंदू, म्हणजे डांबर मऊ पडते ते तापमान, असे आले : व ५३, अ ७६, ब ७३, क ८३ अंश. ७६-१० श्रेणीला किमान ७० हवा, तो तिघांनीही गाठला. १५० अंशांवरची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) अ ची ०.८५, ब ची ०.७० आणि क ची १.०५ पास्कल-सेकंद, मर्यादा १.२ ची आहे. पेनिट्रेशन आणि फ्लॅश पॉइंट यांत सांगण्यासारखे काही नाही, सर्व नमुने ठीक.

निव्वळ मृदुता बिंदूवर निवड करायची झाली असती तर क आजच पहिला आला असता. आपल्याकडे अजूनही बरेच लोक तेवढ्यावरच निवड करतात, कारण चाचणीला एक बीकर, एक शेगडी आणि दोन छोटे लोखंडी गोळे पुरतात आणि उत्तर एका आकड्यात मिळते.

१७ मार्च २०२५

इलॅस्टिक रिकव्हरी, म्हणजे ताणलेले डांबर किती परत येते. डक्टिलोमीटर या ताणण्याच्या यंत्राच्या १५ अंशांच्या पाण्यात, मिनिटाला ५ सेंटिमीटर वेगाने नमुना १० सेंटिमीटर ताणायचा, मधोमध कात्रीने कापायचा आणि तासाभराने दोन्ही टोके एकमेकांना टेकेपर्यंत यंत्र मागे आणून किती लांबी परत आली ते मोजायचे. व चा नमुना कापल्यावर दोन्ही टोके होती तिथेच पाण्यात सैल पडून राहिली; तासाने त्याची पुनःप्राप्ती ९ टक्के भरली. अ ची टोके कात्री मिटताक्षणीच मागे सरकली आणि पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक लांबी परत आली. अ ८४ टक्के, ब ७२, क ८८.

पुन्हा क च पुढे. परंतु ही चाचणी कशाचे उत्तर देते हे ध्यानात ठेवले पाहिजे. डांबरात रबरी गुणाचा पॉलिमर आहे की नाही, हे ती नेमके सांगते, आणि पुरवठादाराने पॉलिमरमध्ये काटकसर केली असेल तर ते तिच्यात पकडले जाते. मे महिन्यातील दुपारी ट्रकच्या चाकाखाली डांबर किती सरकेल हे १५ अंशांच्या पाण्यात ताणलेल्या धाग्यावरून कळण्याची अपेक्षा करू नये.

२१ मार्च २०२५

साठवणुकीतील स्थिरतेची चाचणी पूर्ण झाली. २५ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळीत सुमारे ५० ग्रॅम डांबर ओतून, तोंड दुमडून बंद करून, नळी १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास उभी ठेवायची. नंतर ती फ्रीझरमध्ये गोठवून तीन तुकडे करायचे, मधला टाकून द्यायचा आणि वरच्या व खालच्या तुकड्याचा मृदुता बिंदू वेगवेगळा काढायचा. दोन्हींत ३ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

नळ्या १८ तारखेला सकाळी लावल्या होत्या. १९ ला रंगपंचमी; गेरीमुळे (रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद, शहराला सुट्टी. पण ओव्हन बंद करता येत नव्हता. काका जवळच राहतात, ते रंगलेल्या कपड्यांनिशीच दोनदा येऊन तापमान पाहून गेले आणि ओव्हनच्या दारावरच्या नोंदपत्रावर त्यांच्या गुलाबी बोटांचे ठसे आहेत. ते पान तसेच फाइलला लावले आहे.

अ : वरचा ७६.५, खालचा ७५. ब : फरक एका अंशाच्याही आत. क : वरचा ९१, खालचा ६६.

पंचवीस अंशांचा फरक पाहून आम्ही पहिल्यांदा नळ्यांची अदलाबदल झाली का ते तपासले. ती झालेली नव्हती. खरे तर क ची नळी कापतानाच अंदाज आला होता. खालचा तुकडा गोठलेल्या साध्या डांबरासारखा चकाकत कडक तुटला, तर वरचा तुकडा फ्रीझरमधून काढलेला असूनही पात्याखाली दबला आणि कापला गेल्यावर त्याची कड हळूहळू परत फुगली. नळीच्या वरच्या भागात पॉलिमर गोळा झाला होता आणि तळाशी जवळजवळ बिनपॉलिमरचे डांबर उरले होते.

२५ मार्च २०२५

अ आणि क फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. यंत्र शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. या प्रकाशात तेले शोषून फुगलेला पॉलिमर पिवळट चमकतो आणि डांबराचा अॅस्फाल्टीनने भरलेला भाग काळा राहतो. अ मध्ये बारीक, सलग पिवळे जाळे दिसले. क मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर मोठाले पिवळे थेंब सुटे सुटे दिसले, काही एकमेकांत मिसळून आणखी मोठे होण्याच्या बेतात असलेले.

एसबीएसच्या प्रत्येक साखळीची दोन टोके पॉलिस्टायरीनची असतात आणि मधला भाग पॉलिब्युटाडाइनचा. टोके एकत्र येऊन कडक गाठी बनतात, मधला भाग रबरासारखा ताणला जातो. गाठी सुमारे १०० अंशांच्या वर सैल पडतात, म्हणून गरम असताना डांबर ओतता येते आणि थंड झाले की जाळे पुन्हा उभे राहते. मात्र हे जाळे सलग होण्यासाठी पॉलिमर डांबरातील हलकी तेले शोषून त्याच्या मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगावा लागतो. ज्या डांबरात अॅस्फाल्टीन जास्त आणि ही तेले कमी, त्यात तेलांसाठी दोघांची ओढाताण होते आणि पॉलिमर वेगळा पडतो. फुगलेला पॉलिमर हलका असल्याने तो वर चढतो. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे मिश्रणाच्या शेवटी अगदी अल्प गंधक घालून साखळ्या एकमेकींना आणि डांबराला बांधून टाकणे. बहुधा क मध्ये ती पायरी गाळली गेली असावी किंवा नीट पूर्ण झालेली नसावी. डांबर कोणत्या कच्च्या तेलापासून निघाले यावरही हे अवलंबून असते, त्यामुळे एका खेपेला जमलेले सूत्र दुसऱ्या खेपेला बिघडू शकते.

संबंधित पुरवठादाराला कळवले. त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाठवले असून त्यात स्थिरतेच्या रकान्यात फक्त ‘योग्य’ असा शब्द आहे, वरचा-खालचा आकडा नाही. आकडे मागितले आहेत.

२ एप्रिल २०२५

प्लांटमध्ये मिश्रण होताना डांबर जितके जुने होते तितके ते प्रयोगशाळेत करून घेण्यासाठी आरटीएफओ, म्हणजे फिरत्या बाटल्यांची भट्टी, चालवले : १६३ अंश, ८५ मिनिटे, प्रत्येक बाटलीत ३५ ग्रॅम. घट्ट पीएमबी बाटलीच्या काचेवर पातळ पसरत नाही आणि कधीकधी तोंडाकडे सरकत येते, म्हणून काकांनी बाटल्या लावण्यापूर्वी फिरत्या चौकटीची पातळी पाणसळीने तपासली. वजनातील घट सर्वांची मर्यादेत.

डीएसआर या डांबर मागे-पुढे पिळून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्रावर ताज्या डांबराला श्रेणीच्या तापमानाला किमान १.० आणि आरटीएफओनंतर किमान २.२ किलोपास्कल हवे. ७६ अंशांवर अ, ब आणि नीट ढवळलेला क तिघेही उत्तीर्ण. व ७० ला उत्तीर्ण, ७६ ला अनुत्तीर्ण, अपेक्षेप्रमाणेच.

८ एप्रिल २०२५

आजची चाचणी या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डीएसआरच्या वरच्या परीक्षेत नमुन्याला अगदी थोडे, मागे-पुढे हलवले जाते. त्या हालचालीत पॉलिमरच्या जाळ्यावर ताण येतच नाही, आणि म्हणून पॉलिमर असलेले डांबर व नुसते घट्ट डांबर यांच्यात तिला फारसा भेद करता येत नाही. एमएससीआर चाचणीत आरटीएफओ झालेल्या डांबरावर एक सेकंद भार ठेवतात, नऊ सेकंद सोडून देतात, आणि हे चक्र आधी ०.१ व मग ३.२ किलोपास्कलला पुन्हा पुन्हा करतात. चाक येते, दाबते, निघून जाते, आणि पुढचे चाक येईपर्यंत डांबराला सावरायला जो वेळ मिळतो, त्याचीच ही नक्कल आहे. शेवटी न सावरलेली जी विकृती उरते ती भाराने भागली की जेएनआर मिळतो. तो जितका लहान तितकी चाकोरी कमी.

आणि मुख्य म्हणजे ही चाचणी रस्त्याच्या खऱ्या तापमानाला करतात. वाहतूक जड किंवा संथ असेल तर तापमान चढवत नाहीत, जेएनआरची मर्यादा घट्ट करतात. आशटो या अमेरिकी महामार्ग संस्थेच्या एम ३३२ या मानकाप्रमाणे ३.२ किलोपास्कलच्या जेएनआरची मर्यादा सर्वसाधारण वाहतुकीला ४.५, जड वाहतुकीला २.०, अतिजड वाहतुकीला १.० आणि सर्वांत बिकट परिस्थितीला, म्हणजे अतिजड वाहतूक आणि ताशी २० च्या खालचा वेग हे दोन्ही एकत्र असताना, ०.५ आहे. आपला घाट शेवटच्या वर्गात मोडतो.

७० अंशांवर, ३.२ किलोपास्कलला आलेले आकडे : व चा जेएनआर २.४ आणि पुनःप्राप्ती २ टक्के, अ ०.३० आणि ७२ टक्के, ब ०.४५ आणि ४८ टक्के. ढवळलेला क ०.२८ आणि ७५ टक्के. याशिवाय क च्या स्थिरता-नळीच्या तळातील डांबर पुरेसे जमवून, त्यावरही आरटीएफओ करून हीच चाचणी घेतली. जेएनआर १.६, पुनःप्राप्ती १४ टक्के.

साहेब दुपारी प्रयोगशाळेत आले तेव्हा पडद्यावर क चे दोन्ही वक्र एकावर एक ठेवून दाखवले. एकाच डब्यातील डांबर, एकाच दिवशी तपासलेले; एक सर्वोत्तम, दुसरे व्हीजी-४० च्या वाटेला लागलेले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे टँकर आल्यावर आपल्याला काय मिळालं यापेक्षा प्लांटच्या टाकीतून काय निघतंय ते बघायला हवं.” ८२ ची श्रेणी मागण्याचा आग्रह त्यांनी इथेच सोडला. तशी श्रेणी मागितली असती तर पुरवठादाराने पॉलिमर आणखी वाढवला असता, आणि न बांधलेला पॉलिमर जितका जास्त तितके वेगळे होणेही जास्त.

१७ एप्रिल २०२५

मिश्रणाची आखणी. मानपूर परिसरातील खदानीची बेसाल्टची गिट्टी, बीसीची दुसरी श्रेणी, ४० मिलिमीटर जाडी. गिट्टीचे आकारमान उत्तम, मात्र १० मिलिमीटरच्या ढिगात दगडाला चिकटलेली धूळ जास्त आहे. बेसाल्टला डांबर तसे चांगले धरते, धुळीला धरत नाही. खदानीला धुऊन द्यायला सांगितले आहे आणि मिश्रणात २ टक्के चुना घालणार आहोत.

मिश्रणाचे तापमान ठरवताना एक अडचण येते. साध्या डांबराला ०.१७ पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटी ज्या तापमानाला येते ते मिसळण्याचे, आणि ०.२८ येते ते कुटण्याचे, असा पाठ आहे. अ ला हा नियम लावला तर मिसळण्याचे तापमान १९० च्याही वर जाते. त्या उष्णतेत ब्युटाडाइनच्या साखळ्या तुटू लागतात, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जाळून टाकायचे. पीएमबी ढवळताना व दाबताना पातळ होते, स्थिर असताना घट्ट राहते, म्हणून हा नियम त्याला लागूच पडत नाही. डांबर १७०, गिट्टी १७५ आणि चाचणीच्या नमुन्यांचे मार्शल साचे १५५ अंशांना कुटले. साच्याच्या दोन्ही बाजूंना ७५ घाव.

५.५ टक्के डांबराला हवेच्या पोकळ्या ४.१ टक्के. मार्शल स्थिरता (नमुना मोडेपर्यंत पेलतो तो भार) अ ची १५.२ किलोन्यूटन, ब ची १४.६, सुधारित डांबराला उष्ण भागात १२ हवी. ओलाव्यानंतरचे ताणबल ८७ व ८९ टक्के, किमान ८०. क ची आखणी केली नाही, कारण मागितलेले आकडे अद्याप आलेले नाहीत.

२९ एप्रिल २०२५

महाविद्यालयातून चाकाच्या चाचणीचे निकाल आले. ५० अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावर लोखंडी चाकाच्या २०,००० फेऱ्या. चाकोरी : व ९.८ मिलिमीटर, अ ३.४, ब ३.९. व च्या आलेखाला शेवटच्या भागात खाली झुकणारे वळण आहे, म्हणजे तिथे डांबर दगडापासून सुटू लागले असावे. अ आणि ब च्या रेषा शेवटपर्यंत सरळ आहेत. अ आणि ब मधील अर्ध्या मिलिमीटरवर मी कोणालाही हरवणार नाही.

७ मे २०२५

कंत्राटदाराच्या हॉट मिक्स प्लांटवर टाकी पाहायला गेलो. प्रयोगशाळेत कितीही काटेकोर राहिले तरी डांबर शेवटी इथून जाणार आहे.

आडव्या दोन टाक्या आहेत. पहिलीत थर्मिक तेलाच्या नळ्या आणि वरून दोन ढवळणी. दुसरीत बर्नरची नळी सरळ टाकीतून गेलेली आणि ढवळणी मुळीच नाही, केवळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डांबर फिरवणारा पंप. दुसऱ्या टाकीचे वरचे झाकण उघडून काठी बुडवली तेव्हा आधीच्या एका कामातून उरलेल्या पीएमबीचा हातभर जाडीचा लिबलिबीत थर काठीला लोंबत वर आला. खाली काठी सहज आत गेली. प्लांटवरच्या मिस्त्रीने सांगितले की टाकी कमी भरली की वरचा थर कधीतरी एकदम पंपात येतो, गाळणी बसते आणि मग ते डिझेल घालून पातळ करतात. त्यांच्या दृष्टीने हा पंपाचा प्रश्न आहे, डांबराचा नाही.

म्हणून ठरवले की आपल्या कामाचे पीएमबी फक्त पहिल्या टाकीत उतरवायचे. ती आधी पूर्ण रिकामी करायची, व्हीजी-३० चे अवशेषही चालणार नाहीत. तापमान १८० च्या वर जाऊ द्यायचे नाही. आणि पावसाने किंवा बिघाडाने काम दोन दिवसांपेक्षा जास्त थांबले तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी टाकीच्या वरच्या व खालच्या तोटीतून नमुने घेऊन मृदुता बिंदू जुळतात का ते पाहायचे. खालची तोटी सध्या गंजून घट्ट बसली आहे. ती बदलून दिल्याशिवाय टँकर उतरवून घेणार नाही, असे लेखी दिले.

२० मे २०२५

चाचणी-पट्टा घातला. अ वापरला, चढणीच्या सर्वांत तीव्र भागात. ब ही चालला असता, पण त्याची पुनःप्राप्ती कमी आहे, आणि त्या जातीचे डांबर जास्त तापले तर टाकीत घट्ट होत जाण्याचा धोका असतो. आपल्या प्लांटवरची तापमानाची शिस्त पाहता तो पत्करावासा वाटला नाही.

सकाळी लवकर सुरुवात केली. प्लांटमधून माल १७२ अंशांना निघाला, पेव्हरमध्ये १६० ला पडला. पीएमबीचे मिश्रण थंड होऊ लागले की झपाट्याने ताठ होते, म्हणून पहिला रोलर पेव्हरच्या अगदी मागे ठेवला. रबरी टायरच्या रोलरला सुरुवातीला माल चिकटू लागला. रोलरवाल्याने सवयीने डिझेलचा पोंछा काढला, तो थांबवला. टायर फिरवून गरम होऊ दिले आणि साबणाच्या पाण्यावर काम भागले. दुपारी थराच्या पृष्ठभागाचे तापमान ६३ अंश होते आणि तेव्हा त्यावर वाहतूक सोडण्याची घाई झाली होती. संध्याकाळपर्यंत सोडू दिली नाही. कोअरची घनता सैद्धांतिक कमाल घनतेच्या ९४.१ टक्के. टाकीच्या दोन्ही तोट्यांतील मृदुता बिंदू ७५.५ आणि ७५. खालची तोटी नवी आहे.

क च्या पुरवठादाराकडून सुधारित नमुना आला. यावेळी वरचा-खालचा फरक २ अंश. त्यांनी काय बदलले ते सांगितलेले नाही, विचारलेही नाही. पुढच्या खेपेच्या यादीत त्यांना ठेवायला हरकत नाही, प्रत्येक टँकरची स्थिरता-चाचणी या अटीवर.

२६ मे २०२५

खरेदीच्या अटींचा मसुदा पाठवला. श्रेणी पीएमबी ७६-१०. त्यासोबत ७० अंशांवरचा जेएनआर ०.५ च्या आत आणि पुनःप्राप्ती किमान ५५ टक्के ही जादा अट. स्थिरतेच्या रकान्यात शब्द चालणार नाही, दोन्ही आकडे लिहावे लागतील. साहेबांनी ५५ च्या जागी ४५ सुचवले, कारण ५५ ला दोनच पुरवठादार टिकतात आणि लेखा विभाग त्यावर प्रश्न काढेल. ते मान्य केले. मात्र टाकीच्या खालच्या तोटीतून नमुना घेण्याचे कलम वगळावे, हे कंत्राटदाराचे म्हणणे मान्य केले नाही.

चाचणी-पट्ट्यावर पट्टी टाकण्याच्या जागा रंगाने आखल्या आहेत. पहिले मोजमाप पावसाळ्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात. शेजारच्या जुन्या भागातही त्याच दिवशी, त्याच वेळी.